रिकामा पाट

भूक लागली म्हणजे माणूस जेवतो, आणि एकटा जेवला तरी त्याचे पोट भरतेच. मग घरातील सर्वांनी एका वेळी, एका ठिकाणी आणि ठरलेल्या जागी बसून जेवावे, हा आग्रह आपल्या वाडवडिलांनी का धरला असावा? सोय हे त्याचे एक कारण उघड आहे. चूल पेटलेली आहे, भात नुकताच उतरला आहे, तोवर सर्वांची पाने उरकली तर सरपणही वाचते आणि वाढणाऱ्याचे श्रमही वाचतात. परंतु सोयीसाठी सुरू झालेल्या गोष्टी पुष्कळदा सोयीपुरत्या राहत नाहीत. पंगतीचेही तसेच झाले. दिवसातून दोन वेळा सगळे घर तीमुळे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. शाळेत मास्तर नावे उच्चारून हजेरी घेतात. घरची हजेरी पाने मांडताना मुक्यानेच घेतली जाते.

लष्करातील जुन्या मराठी वाड्यांत ही हजेरी कशी होई, ते वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको. स्वयंपाकघराला लागून माजघर, आणि माजघराच्या भिंतीशी ओळीने उभे करून ठेवलेले पाट. आजोबांचा पाट थोरला, पितळी फुल्या ठोकलेला. मुलांचे पाट लहान, कडा झिजलेले. कोणता पाट कोठे मांडावयाचा हे कोणी कोणास विचारीत नसे. आपल्याकडे कोकणासारखी केळीची पाने मुबलक नाहीत. तेव्हा कार्यप्रसंगी पळसाच्या पत्रावळी आणि एरवी पितळेची ताटे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. मुलांनी श्लोक म्हणावयाचा आणि मग पहिला घास घ्यावयाचा. ही सारी मांडणी जशी ठरलेली, तशी माणसांची जागाही ठरलेली.

आणि म्हणूनच एखादा माणूस नाहीसा झाला की तो प्रथम जाणवतो तो येथे. दिवसभर घरातील माणसे पांगलेलीच असतात. वडील कचेरीत, मुले शाळेत, काका पेढीवर. त्या वेळी कोणी दृष्टीस पडले नाही तर त्यात काही विशेष वाटत नाही. सर्वांनी एकत्र असावयाची घटका एकच, ती जेवणाची. त्या घटकेला जी जागा मोकळी राहते तिच्याकडे डोळा आपोआप वळतो. भिंतीवरचे घड्याळ चालू असते तोवर त्याची टिकटिक आपल्या कानी पडत नाही. ते बंद पडले म्हणजे खोलीत काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागते. आपले मन नेहमीच्या गोष्टींची नोंद घेत बसत नाही. त्या घडणारच असे गृहीत धरून ते चालते, आणि गृहीत धरलेले घडले नाही की दचकते.

डोळ्यांपेक्षाही हाताला विसर उशिरा पडतो. घरातील गृहिणी तांदूळ मापाने घेत नाही, मुठीने घेते. माणशी किती मुठी आणि किती पोळ्यांची कणीक, हा हिशेब वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या हातात भिनलेला असतो. घरातून माणूस गेल्यावर मनाने ती गोष्ट स्वीकारली तरी हात जुन्याच हिशेबाने चालतो. ताटाळ्यातून एक ताट जास्त निघते, कणीक उरते. कित्येकांना स्मशानात रडू येत नाही. महिन्याभराने, उरलेल्या कणकेकडे पाहून येते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. स्मशानातील प्रसंग एकदाच घडलेला असतो. कणकेचा प्रसंग रोज दोनदा घडतो.

पाट गेले आणि मेजखुर्च्या आल्या, तेव्हा या बाबतीत एक फरक पडला, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाट हलता असतो. ज्याचे काम नाही तो उचलून भिंतीशी उभा करता येतो, आणि राहिलेल्या माणसांनी थोडे सरकून बसले की पंगतीतील खिंडार दिसेनासे होते. खुर्ची मात्र मेजाशी आहे तशीच राहते. सहा खुर्च्यांच्या मेजावर पाच माणसे जेवू लागली म्हणजे सहावी खुर्ची समोर असतेच. ती उचलून माळ्यावर टाकण्यास कोणाचा धीर होत नाही आणि तीवर दुसऱ्या कोणी बसावे हेही रुचत नाही. मग ती वर्तमानपत्रे ठेवण्याच्या कामी येते.

मेजांचाच विषय निघाला आहे, तर आपल्या गावातील सर्वांत प्रसिद्ध मेजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८७४ मध्ये जयाजीराव महाराजांनी जयविलास प्रासाद बांधविला. त्याच्या भोजनगृहातील लांबलचक मेजावर रूळ बसविलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरे. माधवराव महाराजांच्या हौसेची ही वस्तू. जेवण झाल्यावर सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून जात असे. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे आणि सुरई परत ठेवली की पुढे निघे. संग्रहालय पाहण्यास गेलेली मुले ती पाहून हरखून जातात. गंमत अशी, की ज्या खुर्चीवर कोणी बसलेले नाही तिच्यापुढे ही गाडी क्षणभरही थांबावयाची नाही. घरातील वाढणारीचा हात मात्र नेमका तेथेच थबकतो.

या वाढणारीविषयी येथेच थोडे सांगितले पाहिजे, कारण पंगतीच्या गोडव्यात ती बहुधा झाकली जाते. जुन्या घरांत पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. बायका मागाहून, उरलेसुरले घेऊन, पुष्कळदा नवऱ्याच्याच ताटात जेवावयाच्या. म्हणजे जिच्या जिवावर ही सारी हजेरी चाले, तिची स्वतःची जागा त्या ओळीत नव्हतीच. ती गेली तर कोणता पाट रिकामा दिसावा? एकही नाही. सगळे पाट भरलेले असत, आणि तरीही पंगतीत काही अर्थ उरलेला नसे. वाढावयास दुसरे कोणी उभे असे आणि मीठ चुकून उजवीकडे पडे. सर्वांनी एकाच वेळी एकाच मेजाशी बसावे ही आजची रीत मला या एका कारणासाठी जुन्या रीतीहून चांगली वाटते. घरातील आईची आता निदान एक खुर्ची तरी आहे.

आपल्या परंपरेने न दिसणाऱ्या माणसांना जेवणात जागा ठेवली आहे, आणि ती किती ठिकाणी ठेवली आहे हे मोजू लागले म्हणजे आश्चर्य वाटते. जेवणारा पहिला घास घेण्यापूर्वी पानाच्या उजवीकडे भाताची चार शिते चित्राहुती म्हणून घालतो. त्यांत यमाचाही वाटा असतो आणि मृतांचा जमाखर्च लिहिणाऱ्या चित्रगुप्ताचाही. गायीसाठी गोग्रास, कावळ्यासाठी काकबळी. भाद्रपदाच्या वद्य पक्षात तर पंधरा दिवस मृतांचेच. उत्तर हिंदुस्थानात ज्याला कनागत म्हणतात तोच हा पितृपक्ष. जो ज्या तिथीस गेला त्या तिथीस त्याच्या नावे पान वाढावयाचे. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रियांसाठी नवमी, शस्त्राने मारले गेलेल्यांसाठी चतुर्दशी, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही अशा सर्वांसाठी अमावास्या. श्राद्धास ब्राह्मण मिळाला नाही तर पाटावर दर्भाची चट ठेवून तिलाच त्या जागी मानतात. चटश्राद्ध म्हणतात ते हेच. पाट मांडलेला, पान वाढलेले, आणि पाटावर दर्भाच्या चार काड्या! रिकाम्या जागेला इतका मान दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

जिवंत असून दूर असलेल्यांसाठीही एक सुंदर रीत आहे. भाऊबिजेस ज्या बहिणीचा भाऊ परगावी आहे, किंवा जिला भाऊच नाही, ती चंद्राला ओवाळते. कार्तिक शुद्ध द्वितीयेची ती कोर अगदी बारीक असते आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. त्यामुळे तिला निरांजन घेऊन लगबगीने गच्चीवर जावे लागते. भाऊ उशीर करतो तेव्हा बहिणीने वाट पाहावयाची असते. चंद्र मात्र तिच्यासाठी थांबत नाही.

आता ज्या घराण्यामुळे आपण मराठी माणसे या प्रदेशात आलो, त्या शिंदे घराण्याच्या पंगतीकडे वळू. राणोजी शिंद्यांच्या पाठीमागे त्यांचे मुलगे पराक्रमास चढले, आणि पाहता पाहता ती ओळ विरळ होत गेली. १७५५ मध्ये जयाप्पा नागोरपाशी दगाफटक्याने मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तुकोजी पडले, आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. सहा वर्षांच्या आत एका घरातील हे चार पाट. महादजी तेवढे वाचले, तेही पायावर कायमचे अधू करणारा घाव घेऊन. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना रणातून सुखरूप आणले. महादजींनी या राणेखानास पुढे भाऊ मानले आणि भाई हा किताब दिला. भाऊ गमावलेल्या माणसाने हा शब्द वाटेल त्याला दिला नसेल.

पुढे महादजींनी दिल्लीपर्यंत दबदबा बसविला, आणि त्यांच्यामागे दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या लष्करी तळाचेच आपले लष्कर झाले. या राजघराण्यात दिवंगतांच्या छत्र्या उभारून त्यांत मूर्ती बसविण्याची प्रथा आहे. माधवराव महाराज १९२५ मध्ये घरापासून हजारो कोस दूर, पॅरिस येथे वारले. त्यांची छत्री शिवपुरीस मातुःश्री सख्याराजे यांच्या छत्रीच्या समोर आहे. एका घरातील मुलगा आणि आई समोरासमोर बसावीत तशीच ही रचना आहे.

राजघराण्यांची नावे इतिहासात राहिली. पानिपताची वार्ता दक्षिणेत पोचविणाऱ्या सांकेतिक पत्रात दोन मोती, काही मोहरा आणि मोजदाद न होणारा खुर्दा गेल्याचे लिहिले होते, असे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे शिपाईप्यादे. त्या खुर्द्यातील प्रत्येक नाण्याचा कोठल्या तरी खेड्यात एक पाट होता. त्यांच्या घरी ना देह आला, ना निश्चित बातमी. कोणत्या तिथीस पान वाढावे?

येथे आपण या विषयाच्या सर्वांत कठीण भागाशी येतो. माणूस गेला हे निश्चित असेल तर दुःख मोठे असते, पण त्याला आकार असतो. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. परंतु जो गेला की आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या पाटाचे काय करावयाचे? उचलावा तर आपणच त्याला मारल्यासारखे होते. मांडावा तर रोजची निराशा.

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतच्या स्वारीत होत्या. भाऊंचा देह सापडला असे सांगणारे होते, तसेच तो भाऊंचा नव्हे असे म्हणणारेही होते. पार्वतीबाईंनी पती गेल्याचे मान्य केले नाही. १७८३ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर २२ वर्षांनी त्या वारल्या, तोपर्यंत त्या सवाष्ण म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात भाऊ म्हणवून घेणारा एक तोतया निघाला, त्याने कोकणात मोठे बंड माजविले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर लिहिलेले नाटक पुष्कळांना ठाऊक असेल. तोतयाच्या मागे इतके लोक लागले याचे कारण राजकारणात शोधता येईल. मला मात्र असे वाटते, की ज्या घरांतून पानिपतावर माणसे गेली होती त्या घरांना एक तरी माणूस परत आलेला पाहावयाचा होता.

शास्त्रकारांनी हा पेच ओळखला होता. बेपत्ता माणसाची साधारणतः १२ वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाचे ३६० देठ घेऊन त्यांची मनुष्याकृती करावी, तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगितला आहे. ज्या पळसाच्या पानावर आपण जेवतो, त्याच पळसाचा हा देह! याहून विशेष गोष्ट अशी, की विधी झाल्यावर तो माणूस परत आलाच तर काय करावे हेही त्यांनी सांगून ठेवले. त्याला तुपाच्या कुंभात स्नान घालावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावे आणि त्याच्याच पत्नीशी त्याचा पुन्हा विवाह लावावा. अग्नी दिल्यावरही दार थोडे किलकिले ठेवणारे हे शास्त्र कोणा कोरड्या माणसाने लिहिले असेल असे वाटत नाही. आजच्या भारतीय कायद्यात हा अवधी ७ वर्षांचा आहे. ज्यांना त्याची बातमी एरवी कळली असती अशांना ७ वर्षांत ती कळली नाही, तर तो माणूस जिवंत असल्याचे दाखविण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते.

परंतु विधीने किंवा कायद्याने अवधी ठरविला म्हणून मन तो पाळतेच असे नाही. १९७१ च्या युद्धात ५ डिसेंबर रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानातील शोरकोटजवळ पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय कीर्तीच्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी; लग्नास दोन वर्षेही झाली नव्हती. पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांची नावे छापून आली, त्यांत तांबे यांच्या नावाशी जुळणारे एक नाव होते. युद्धकैदी परत आले, त्यांत मात्र ते नव्हते. असे ५४ बेपत्ता सैनिक व अधिकारी आपल्या कैदेत नाहीत, असेच पाकिस्तान सांगत आले आहे. दमयंतीबाईंनी शोध सोडला नाही. अशा कुटुंबांतील मंडळी २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंग पाहून आली, पण ठावठिकाणा लागला नाही. पार्वतीबाई आणि दमयंतीबाई यांच्यात दोनशे दहा वर्षांचे अंतर आहे. त्या दोघींपुढील प्रश्न एकच होता. भिंड-मुरैना भागातील इतकी मुले सैन्यात असताना ग्वाल्हेरच्या वाचकाला तो परका वाटू नये.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन विदुषींनी व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा १९७० च्या दशकात अभ्यास केला, आणि या दुःखाला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की अशा घरातील माणसांनी एकच निकाल लावून मोकळे व्हावे हा आग्रह बाहेरच्यांनी धरू नये. तो कदाचित नाही आणि कदाचित आहे, अशी दोन्ही वाक्ये एकाच मनात नांदू शकतात. शेजारणी कुंकवाकडे पाहून कुजबुजतात, तेव्हा त्यांना हे कोणीतरी सांगावयास हवे होते.

जपानात प्रवासास किंवा युद्धावर गेलेल्या माणसासाठी घरी जेवणाचे ताट मांडण्याची जुनी चाल आहे. तिला ‘कागेझेन’ म्हणतात, म्हणजे सावलीचे ताट. तो जेथे असेल तेथे उपाशी राहू नये, सुखरूप असावा, ही त्यामागील भावना. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री मेजावर एक जागा जास्त मांडतात, ती अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. घरातील गेलेल्या माणसाचीही ती जागा, असे कित्येक कुटुंबांत मानतात. आपली पंगत आणि त्यांचे मेज यांत साम्य काहीच नाही, पण एक पान जास्त मांडण्याची बुद्धी दोहोंकडे झाली.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील पाट आज बहुतेक युद्धामुळे रिकामे नाहीत. मुलगा पुण्यास किंवा बेंगळुरूस नोकरीला, मुलगी अमेरिकेत, आणि लष्करातील घरात दोन वृद्ध माणसे व चार मोकळ्या खुर्च्या. रात्रीच्या जेवणाला पाण्याच्या तांब्याला टेकवून दूरध्वनी उभा करतात आणि त्याच्या पडद्यावर मुलगी दिसते. इकडे साडेआठ वाजलेले असतात. न्यूयॉर्कला सकाळचे दहा, उन्हाळ्यात अकरा. आई विचारते, “जेवलीस का ग?” ती हसून म्हणते, “अग आई, माझी तर आत्ता न्याहारी झाली.” तरीही दुसऱ्या दिवशी प्रश्न तोच असतो. मुलांनी या प्रश्नाला कंटाळू नये. त्यात चौकशी थोडी आणि पान मांडणे अधिक आहे.

आणि कणीक अजूनही जुन्याच मुठींनी भिजवली जाते. आजोबा म्हणतात, “अहो, किती या पोळ्या? आपण दोघेच तर जेवायला.” आजी उत्तर देत नाहीत. उरलेल्या पोळ्या सकाळी दारावर येणाऱ्या गायीला जातात, आणि त्यांतली कोणती कोणाच्या वाटची, हे आजींना बरोबर ठाऊक असते.